ज्याच्याशी बोलता येत नाही असा माणूस

इस्राएलाच्या दावीद राजाच्या भावाला योनादाब नावाचा मुलगा होता. हिब्रू शास्त्रातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात तो येतो आणि निवेदक त्याची ओळख करून देतो ती फार शहाणा माणूस अशी. शहाण्यासाठी वापरलेला हिब्रू शब्द 'हाखाम', म्हणजे शहाणपणासाठी प्रसिद्ध असलेल्या शलमोन राजाला लावतात तोच.

दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन हा योनादाबाचा चुलतभाऊ आणि मित्र. अम्नोनाचं मन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर बसलेलं आणि त्या ध्यासापायी तो दिवसेंदिवस खंगत चाललेला. योनादाबाने ते हेरलं, खोदून खोदून कारण काढून घेतलं आणि तोडगा सांगितला. आजाराचं सोंग घेऊन अंथरुणात पडायचं, बाप विचारपूस करायला आला की तामारच्या हातचं खावंसं वाटतंय म्हणायचं. बेत बिनचूक होता. राजा फसला. तामार आली, तिने त्याच्या डोळ्यांसमोर पीठ मळून खायला केलं. अम्नोनाने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि तिच्यावर बलात्कार केला.

त्याआधी तामार जे बोलते ते लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. ती ओरडत नाही, मुद्दे मांडते. इस्राएलात असं कोणी करत नाही, माझी बेअब्रू मी कुठे घेऊन जाऊ, राजाशी बोल, असं ती सांगते. याच बोलण्यात एकाच धातूचे दोन शब्द येतात. तू करू पाहतोस ती 'नेवाला' आहे, आणि ती केलीस तर तुझी गणना 'नाबालां'त होईल. नाबाल म्हणजे मूर्ख आणि नेवाला म्हणजे त्याची करणी. बलात्काराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याची बहीण मूर्ख होऊ नकोस म्हणते, आणि ज्याने हा सगळा डाव रचून दिला त्याच्या नावापुढे मात्र शहाणपणाची पदवी तशीच राहते.

योनादाब पुढे आणखी एकदा भेटतो. दोन वर्षांनी, मेंढ्यांची लोकर कातरायच्या मेजवानीत तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाचा खून करवतो. राजवाड्यावर बातमी येते ती सगळेच राजपुत्र मारले गेल्याची. दावीद कपडे फाडून जमिनीवर पडतो. तेव्हा हाच योनादाब पुढे होऊन सांगतो की सगळे गेलेले नाहीत, एकटा अम्नोन गेला आहे, आणि अबशालोमाने हे तामारवर अत्याचार झाला त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्याचा अंदाज याही वेळी अचूक निघतो. निवेदक त्याला शिक्षा देत नाही, त्याच्यावर शेरासुद्धा मारत नाही. मला हा मजकूर नेहमी अंगावर येतो तो या थंडपणामुळे. हुशारी ही काय चीज आहे हे लेखकाला नेमकं ठाऊक होतं, आणि तिच्याकडून त्याने काही अपेक्षाही ठेवलेली नव्हती.

यहुदी लोकांचं शास्त्र, म्हणजे तनाख किंवा ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात ते, मूर्खपणाकडे कसं पाहतं याचा अंदाज इथे येतो. मराठी वाचकाला ही वाट अगदीच परकी वाटू नये. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत अकलेपेक्षा वागणुकीचाच हिशेब जास्त आहे, आणि पढतमूर्खासाठी रामदासांनी वेगळा समासच ठेवला आहे. पण दासबोधातला मूर्ख बहुतेक वेळा स्वतःचं हसं करून घेतो. हिब्रू शास्त्रातला मूर्ख बसतो तो थेट गुन्हेगारांच्या पंगतीत. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्या मुलीवर, दीनावर शखेम जो अत्याचार करतो ती नेवाला. शास्ते या पुस्तकात गिबा गावातले पुरुष लेवी कुळातल्या एका माणसाच्या उपपत्नीला रात्रभर छळून मारतात तीही नेवाला. आणि यरीहो शहर पडल्यावर देवासाठी राखून ठेवलेल्या लुटीतून आखान नावाचा माणूस शिनारचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची लगड उचलून आपल्या तंबूत पुरतो, तर त्या चोरीलाही हाच शब्द. बलात्कार आणि चोरी यांना जोडणारा धागा पहिल्यांदा दिसत नाही. पण तिन्ही ठिकाणी एक माणूस किंवा एक गाव असं वागतं, की जणू बाकीच्यांशी आपलं काही देणंघेणंच नाही. परिणाम मात्र सगळ्या समाजाला भोगावे लागतात: शखेम नगरीत कत्तल होते, गिबापायी बन्यामिनाचं आख्खं कूळ जवळजवळ नामशेष होतं, आखानामुळे इस्राएलाची फौज आय या लहानशा गावासमोर हरते.

हा शब्दच ज्याचं नाव होऊन बसला त्या माणसाची गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आईबापांनी पोटच्या पोराचं नाव मूर्ख असं ठेवलं असेल हे पटत नाही. त्या नावाचा मूळ अर्थ दुसरा असावा. कथाकाराला मात्र ते आयतंच सापडलं.

नाबाल कालेबाच्या कुळातला, राहणारा मावोनचा. त्याची मालमत्ता कर्मेल गावात होती. हे कर्मेल हेब्रोनच्या दक्षिणेचं, यहूदाच्या डोंगरांत वाळवंटाच्या कडेला वसलेलं. समुद्रकाठच्या प्रसिद्ध कर्मेल पर्वताशी त्याचा संबंध नाही. त्याच्याकडे तीन हजार मेंढ्या आणि एक हजार शेळ्या होत्या. एवढा पसारा सांभाळणारा माणूस व्यवहाराला कच्चा असेल का? कथाकार तसं कुठे सुचवतही नाही. त्याने नाबालासाठी वापरलेली विशेषणं दोन, कठोर आणि वाईट चालीचा. अक्कल आहे ती त्याच्या बायकोकडे. अबीगईल समजूतदार होती आणि देखणीही होती, असं एका वाक्यात सांगून तो पुढे जातो.

दावीद त्या काळात राजा नव्हता. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता, म्हणून तो रानोमाळ फिरत होता. त्याच्याभोवती सहाशे माणसं जमली होती. त्यांतली पहिली चारशे कर्जात बुडालेली, गांजलेली, कोणावर तरी चिडलेली अशीच होती. नाबालाची लोकर कातरायचे दिवस आले. हे दिवस सणासारखे असत, खाणंपिणं सढळ हाताने व्हायचं. दावीदाने दहा तरुण पाठवले आणि निरोप दिला, की तुमचे धनगर आमच्याजवळ होते तेव्हा आम्ही त्यांना त्रास दिला नाही, त्यांचं काही हरवलं नाही; आज चांगला दिवस आहे, तर हाताशी असेल ते द्या.

याला खंडणी म्हणावं का, हा प्रश्न मनात येतोच, आणि तो चुकीचा नाही. हत्यारबंद टोळी संरक्षण देते, कोणी मागितलेलं नसताना, आणि मग हिशेब घेऊन दारात येते. नाबालाचं उत्तरही त्याच अंगाने जातं. हा दावीद कोण, हा इशायाचा पोरगा कोण, आजकाल धन्याला सोडून पळालेले नोकर पुष्कळ झालेत, असं तो म्हणतो. पुढे त्याच्या वाक्यात भाकरी येते, पाणी येतं, कातरणाऱ्यांसाठी कापलेल्या जनावरांचं मांस येतं, आणि प्रत्येकामागे 'माझं' येतं. दहा माणसांना वाटेला लावलं जातं.

कथाकाराला खंडणीची शंका सुचली असणार, कारण त्याने तिचं उत्तर दावीदाच्या तोंडी घातलेलं नाही. ते येतं नाबालाच्याच एका गड्याकडून. हा गडी धावत अबीगईलकडे जातो आणि सांगतो की ती माणसं आमच्याशी फार चांगली वागली, रात्रंदिवस आमच्याभोवती भिंतीसारखी होती. आता मालकावर आणि सगळ्या घरावर संकट येणार हे नक्की. मालकिणीला हे का सांगावं लागतंय, तेही तो सांगतो. मालक असा आहे की त्याच्याशी बोलताच येत नाही.

माझ्या मते हिब्रू शास्त्राने मूर्खाबद्दल पुढे जे शेकडो श्लोक लिहिले त्यांचं सार या गड्याच्या तक्रारीत आहे. नाबालाकडे माहिती पोहोचू शकत नाही. त्याच्या घरातल्या गड्याला जे दिसतं, बायकोला जे कळतं, ते त्याच्या कानापर्यंत जाण्याचा रस्ताच त्याने बंद करून टाकला आहे. त्याच्या डोक्यात दोष नाही. दोष आहे तो कानात, आणि तो त्याने स्वतः लावून घेतला आहे. म्हणूनच त्याला त्याबद्दल जबाबदार धरता येतं.

तिकडे दावीद चारशे माणसांना तलवारी लावायला सांगून निघाला होता. सकाळपर्यंत नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ त्याने घेतली होती. अबीगईलने नवऱ्याला काही न सांगता दोनशे भाकरी, द्राक्षारसाच्या दोन बुधल्या, पाच मेंढ्यांचं तयार मांस, भाजलेलं धान्य, मनुकांचे शंभर घोस आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादल्या आणि डोंगराच्या आडोशाने ती खाली उतरली. समोरून दावीद येत होता. तिचं भाषण हिब्रू गद्यातल्या उत्तम भाषणांपैकी एक आहे. ती पाया पडते, दोष स्वतःवर घेते, नवऱ्याचं नाव नाबाल आणि वागणंही तसंच असं सांगून त्याला एका वाक्यात निकालात काढते. मग खऱ्या मुद्द्याला हात घालते. उद्या तू राजा होशील, तेव्हा विनाकारण सांडलेलं रक्त आणि स्वतःच्या हाताने उगवलेला सूड यांचं ओझं तुझ्या मनावर नको.

दावीद थांबतो. शपथ मोडतो. जिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं त्या बाईच्या समजुतीला तो धन्य म्हणतो आणि तिने आज आपला हात अडवला याबद्दल देवाचे आभार मानतो. चारशे माणसं मागे उभी असताना हे करणं सोपं नव्हतं. इथे लक्षात येतं की त्या सकाळी मूर्खपणाच्या काठावर दोघं उभे होते, नाबाल आणि दावीद. एका भाकरीच्या अपमानापायी सगळं घर कापून काढायला निघालेला माणूस काही विवेकाचा पुतळा नसतो. फरक इतकाच पडला की दावीदाशी बोलता आलं.

अबीगईल घरी येते तेव्हा नाबाल राजासारखी मेजवानी झोडून तर्र झालेला असतो. ती गप्प राहते. सकाळी नशा उतरल्यावर सगळं सांगते. त्याचं काळीज आत मरून जातं, तो दगडासारखा होतो, आणि दहा दिवसांनी प्राण सोडतो. पुढे दावीद अबीगईलशी लग्न करतो. या शेवटच्या भागात राजघराण्याची थोडी भाटगिरी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

लगेच पुढच्याच अध्यायात शौल राजा दावीदासमोर कबूल करतो की मी मूर्खासारखा वागलो, माझी फार मोठी चूक झाली. दावीदाने त्याला झोपेत मारायची संधी सोडून दिली होती. ही कबुली खोटी वाटत नाही. पण दावीद तिच्यावर विश्वास ठेवत नाही. तो देश सोडून पलिष्ट्यांकडे आश्रयाला जातो. पुष्कळ वर्षांनी दावीद स्वतः, लोकांची शिरगणती केल्यावर, देवासमोर जवळजवळ हीच कबुली त्याच धातूच्या शब्दाने देतो. मूर्खपणा कोणाच्याही हातून घडू शकतो हे या पुस्तकांनी गृहीतच धरलं आहे. त्यांना रस आहे तो नंतर काय होतं यात.

कथा सोडून सुभाषितांकडे वळलं की सूर बदलतो. नीतिसूत्रे हे 31 अध्यायांचं पुस्तक. परंपरेने ते शलमोनाच्या नावावर आहे, पण आत निरनिराळ्या काळांतले संग्रह आहेत आणि काहींवर दुसरी नावंही आहेत. घरात बाप मुलाला शिकवतो, दरबारात जुना कारभारी नव्याला शिकवतो, अशा वळणाचं हे साहित्य. मूर्खांची जितकी बारकाईने वर्गवारी इथे होते तितकी शास्त्रात दुसरीकडे कुठे होत नाही. सगळ्यांत खालच्या पायरीवर 'पेती', म्हणजे भोळा. जो येईल त्याचं तो खरं मानतो. त्याच्यात अजून बिघाड झालेला नाही, आणि हे पुस्तक कोणासाठी आहे हे सांगताना प्रस्तावनेत त्याचाच उल्लेख येतो. पुढचा 'केसील'. एकट्या नीतिसूत्रांत हा शब्द 49 वेळा येतो. केसील आहे त्यात खूश असतो. दुष्कर्म त्याला खेळासारखं वाटतं, आणि वाईट सोडून देणं ही कल्पनाच त्याला किळसवाणी वाटते. 'एवील' हा त्याचा तापट भाऊ; बापाची शिस्त तो पायदळी तुडवतो. सर्वांत वर 'लेत्स', टवाळी करणारा.

टवाळाला इतका वरचा क्रमांक का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. थट्टा करणारा माणूस खुनी नसतो, चोरही नसतो. पण या पुस्तकाची कसोटी घेतली की उलगडा होतो. शहाण्याला बोल लावले तर तो तुमच्यावर प्रेम करील, टवाळाला लावले तर तो तुमचा द्वेष करील, असं नवव्या अध्यायात सांगितलं आहे. समजूतदार माणसाला एक खरमरीत शब्द पुरतो, तर केसीलाला शंभर फटके मारूनही काही आत शिरत नाही, हे सतराव्यात. म्हणजे शहाणपण मोजायचं ते माणसाला किती येतं यावरून नव्हे, त्याला चूक दाखवल्यावर तो काय करतो यावरून. भोळा सगळंच ऐकतो, हा त्याचा धोका आणि हीच त्याची आशा. टवाळाने हसून आधीच सगळ्याचं मोल काढून टाकलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोहोचायला काही शिल्लक उरत नाही. आणि याच पुस्तकात, सव्विसाव्या अध्यायात, स्वतःला शहाणा समजणाऱ्यापेक्षा केसीलाबद्दलसुद्धा जास्त आशा धरायला हरकत नाही असं म्हटलं आहे. योनादाबासारख्यांना लागू पडणारं वाक्य हे.

नवव्या अध्यायात दोन बाया येतात. एक शहाणपण, दुसरी मूर्खपणा. शहाणपणाने सात खांबांचं घर बांधलं आहे, जनावरं कापली आहेत, द्राक्षारस तयार केला आहे, ताटं मांडली आहेत. मूर्खपणा आपल्या दाराशी नुसती बसून असते. शहराच्या उंचावरून दोघीही रस्त्याने जाणाऱ्या भोळ्याला आत बोलावतात आणि आमंत्रणाची सुरुवात दोघींच्या तोंडी सारखीच आहे. मूर्खपणाच्या घरात चोरीचं पाणी गोड लागतं आणि तिचे आधीचे पाहुणे मेलेले आहेत, हे आत गेलेल्याला माहीत नसतं. पुरुषांनी मुलग्यांसाठी लिहिलेलं हे पुस्तक आहे आणि मोहाला बाईचं रूप देणं त्यांना सोयीचं होतं, हेही इथेच म्हणायला हवं.

असली शिकवण एकट्या इस्राएलात नव्हती. ब्रिटिश म्युझियमसाठी वॉलिस बज यांनी 1888 साली इजिप्तमधून मिळवलेल्या एका पपायरसवर अमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याची आपल्या मुलासाठीची शिकवण आहे. ती 1923 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासक आडोल्फ एर्मान यांनी नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायापासून पुढे तिच्याशी मिळणारी वचनं एकापाठोपाठ एक दाखवून दिली. तापट माणसाच्या नादी लागू नको हा सल्ला दोन्हीकडे आहे. पण अमेनेमोपेची मुख्य जोडी तापलेला माणूस आणि मौन राखणारा माणूस अशी आहे. हिब्रू संग्रहकारांनी तो तापट माणूस घेतला आणि आपल्या मूर्खांच्या रांगेत उभा केला. मूर्खाच्या समोर त्यांनी कधी शहाण्याला ठेवलं, कधी नीतिमानाला, आणि शहाणा व नीतिमान हे हळूहळू एकच माणूस होऊन गेले. जग देवाने शहाणपणाने रचलं आहे, असं हे पुस्तक मानतं. त्यामुळे शहाणपण झिडकारणं ही त्याच्या दृष्टीने बंडखोरी ठरते. विचार आणि निश्चय या दोन्हींचं ठिकाण हिब्रूत हृदय हेच, तेव्हा विचार चुकला पण मन चांगलं होतं, ही पळवाटही उरत नाही.

मूर्ख मनात म्हणतो की देव नाही, या आशयाची सुरुवात असलेलं एक स्तोत्र स्तोत्रसंहितेत दोनदा येतं, चौदावं आणि त्रेपन्नावं, किरकोळ फरकाने. तिथला मूर्ख नाबालच आहे. तो वाद घालत नाही, मनातल्या मनात हिशेब करतो की वर विचारणारा कोणी नाही. पुढे लगेच येतात ती भाकरी खावी तशी लोकांना खाणारी माणसं. यशयाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातला नाबालही भुकेल्याला उपाशी ठेवणारा आणि तहानलेल्याचं पाणी तोडणारा आहे. अकराव्या शतकात कँटरबरीच्या आन्सेल्मने देवाच्या अस्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद रचला तेव्हा प्रतिपक्ष म्हणून याच स्तोत्रातला मूर्ख घेतला, आणि गाउनिलो नावाच्या साधूने मूर्खाची बाजू मांडणारं उत्तर लिहिलं. मूळ स्तोत्रातल्या गुंडाला तर्कशास्त्राच्या वर्गात बसवलं गेलं. तत्त्वज्ञानाचा त्यात फायदा झाला, पण लोकांना खाण्याचा मुद्दा मागे पडला.

या विचाराची एक काळी बाजू आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. मूर्खपणा जर दोष असेल तर शिक्षा हवी. नीतिसूत्रं घोड्याला चाबूक, गाढवाला लगाम आणि मूर्खाच्या पाठीला काठी असं सरळ सांगतात, आणि मुलांच्या बाबतीतही काठीचीच शिफारस करतात. त्याहून वाईट म्हणजे उलटा हिशेब. मूर्खावर संकट येतं, म्हणून ज्याच्यावर संकट आलं तो मूर्ख असणार. ईयोबाच्या पुस्तकात ईयोब नावाच्या नीतिमान माणसाची सात मुलं आणि तीन मुली एका दिवसात गेल्या. त्याचं सांत्वन करायला आलेला अलीफज पाचव्या अध्यायात सांगतो, की मूर्खाला मुळं धरताना मी पाहिलं आणि मग त्याची मुलं वेशीत चिरडली गेली. समोर बसलेल्या बापाने हे ऐकायचं. पुस्तकाच्या शेवटी देव चिडतो तो अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर, आणि त्यांना सांगतो की ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील म्हणून तुम्ही वाचाल. त्या वाक्यात नेवाला हा शब्द पुन्हा येतो, या वेळी मूर्खाबद्दल ज्ञान सांगणाऱ्यांच्या संदर्भात.

उपदेशक या पुस्तकाचा लेखक आणखी वेगळ्या वाटेने जातो. त्याच्या हिब्रूत फारसीतून आलेले शब्द आहेत, त्यामुळे तो शलमोनापेक्षा कितीतरी शतकं अलीकडचा ठरतो. अंधारापेक्षा उजेड बरा तसं मूर्खपणापेक्षा शहाणपण बरं, हे त्याला मान्य आहे. पण शहाणाही मरतो आणि मूर्खही मरतो, आणि पुढे दोघांचीही आठवण राहत नाही, हे पाहून त्याला जगण्याचाच वीट येतो. आपण कमावलेलं ज्याच्या हाती जाणार तो शहाणा निघेल की मूर्ख, हेही त्याला ठाऊक नाही. नीतिसूत्रांच्या शिकवणीत मूर्खाला शेवटी फळ मिळतंच. हा माणूस शेवटापर्यंत थांबून पाहतो आणि फळ मिळाल्याचं त्याला दिसत नाही.

पुढे तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी हा विषय आपल्या खास पद्धतीने हाताळला. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायातला चौथा श्लोक मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतो आणि पाचवा देच म्हणतो. या विसंगतीमुळे ते पुस्तकच लोकांपासून दूर ठेवावं असा विचार एके काळी झाला होता, अशी नोंद तालमूदच्या शब्बाथ या भागात आहे. तोडगा निघाला तो असा: धर्मशास्त्राबद्दल मूर्ख बोलला तर उत्तर द्यावं, व्यवहारातल्या गोष्टींत देऊ नये. त्यांतलेच तिसऱ्या शतकातले पंडित रेश लाकीश यांचं म्हणणं असं, की मूर्खपणाचं वारं अंगात शिरल्याशिवाय माणूस पाप करतच नाही. नीतिसूत्रांतली मूर्खांची वेगळी जात इथे विरघळून जाते; वारं काय, कोणाच्याही अंगात शिरेल.

ज्याची बुद्धीच चालत नाही त्याच्यासाठी याच पंडितांनी वेगळा शब्द ठरवला, 'शोते'. एकटाच रात्री बाहेर भटकतो, स्मशानात झोपतो, अंगावरचे कपडे फाडतो, अशी त्याची लक्षणं त्यांनी दिली. शोतेला त्यांनी मूकबधिर आणि लहान मूल यांच्याबरोबर ठेवलं आणि धर्माच्या आज्ञांतून मोकळं केलं. तालमूदच्या मुळाशी असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहाचा नियम असा, की या तिघांना कोणी इजा केली तर भरपाई द्यावी लागते. त्यांनी कोणाला केली तर त्यांच्याकडून काही घेता येत नाही. ज्याला कळू शकत नाही त्याच्यावर दोष नाही, ही रेघ त्यांनी कायद्यात ओढून घेतली.

उरला नाबाल. तेराव्या शतकात स्पेनमधल्या जिरोना शहरात राहणारे मोशे बेन नाहमान यांनी लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर भाष्य लिहिताना तो शब्द पुन्हा उचलला. त्या अध्यायाच्या सुरुवातीला पवित्र राहण्याची एक मोघम वाटणारी आज्ञा आहे, आणि कोणत्या गोष्टी वर्ज्य हे आधीच सविस्तर सांगून झालेलं असताना ती पुन्हा कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांचं उत्तर असं. शास्त्राने मांस वर्ज्य केलेलं नाही, द्राक्षारस नाही, स्वतःच्या बायकोचा सहवास नाही. तेव्हा एखादा माणूस मांसावर तुटून पडेल, पिऊन लोळेल, वासनेत बुडून राहील, तोंडाला येईल ते घाणेरडं बोलेल, कारण ते बोलू नये असं कुठे लिहिलेलं नाही. नियमाच्या एकाही अक्षराला तो धक्का लावणार नाही. अशा माणसाला मोशे बेन नाहमान म्हणतात शास्त्राच्या परवानगीने झालेला नाबाल.